बाईला बोल लावण्यापूर्वी

पितळेचा डबा माळ्यावर नीट ठेवलेला असतो आणि सणासुदीला काढून पाहावा तर त्याला उभी चीर! मग बोल बसतो तो भांडी घासणाऱ्या बाईला. पण भगिनींनो, कुणी न आपटताही धातूला तडा जाऊ शकतो.

पत्रा ठोकून, ओढून भांड्याला आकार देतात, तेव्हा त्याच्या अंगात ताण राहून जातो. वरून तो दिसत नाही. त्यातच त्या धातूला न मानवणारे काही लागले की ते कणाकणांच्या सांध्यांत शिरते. सांधा कमजोर होतो, ताण तो उघडतो, उघडल्या जागी पुन्हा ओल शिरते. ताण आणि गंज एकटेदुकटे असताना निभावते. दोघे एकत्र आले की चीर वाढत जाते.

इंग्रजांच्या फौजेला हा अनुभव आपल्याच देशात आला. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे कोडे १९२१ साली उलगडले. काडतुसे बेताने तापवून त्यांतला ताण काढला की चिरा टळत.

अल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंनाही हेच दुखणे आहे. जस्त व मॅग्नेशियम घातलेला, विमानांसाठीचा मिश्रधातू फार बळकट. पण ताण असताना त्याला दमट, खारी हवा सोसत नाही. शेवटी तो जास्त वेळ तापवून, थोडी ताकद सोडून टिकाऊपणा मिळवला गेला.

आपल्या कुकरचे अल्युमिनियम सहसा या जातीचे नसते. त्याला खड्डे पडतात ते मिठाने. तरी शिटीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून हयगय नको.

एवढे सांभाळा:

• खारट, आंबट पदार्थ अल्युमिनियमच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका.

• धुण्याच्या सोड्याने ते घासू नका. वरचा संरक्षक थर जातो.

• ओल्या अल्युमिनियमच्या भांड्यात तांब्याचे भांडे घालून ठेवू नका. दोन्ही कोरडी करूनच मांडा.

• कुकर आतून काळा पडला तर घाबरू नका. पाण्यात लिंबाची साल टाकत जा.

• अमोनियाचा उग्र वास येणारे पॉलिश पितळेवर तसेच राहू देऊ नका. धुऊन लगेच पुसा.

• महिन्यातून एकदा कुकरचा काठ, झाकण आणि मुठीजवळची जागा उजेडात धरून पाहा.

कुकरला केसाएवढी चीर दिसली, तरी तो त्याच दिवशी चुलीवरून उतरवा. नाक्यावरून डाग लावून आणलेला कुकर पुन्हा दाबाला लावू नका. वरून सांधा भरलेला दिसतो, आतली चीर कुठवर गेली ते कळत नाही. असा कुकर धान्य भरायला ठेवा हवा तर. चार पैसे वाचवण्यासाठी हात-तोंड भाजून घेण्यात शहाणपण नाही.