नको ते ठरवायचे कुणी?

ॲरेमधली नको असलेली मूल्ये काढून टाका, हा प्रश्न प्रोग्रामिंगच्या पहिल्या सत्रात कुठे ना कुठे येतोच. जावास्क्रिप्ट शिकवणारे फॉल्स, नल, अनडिफाइन्ड, नॅन, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग असा सगळा ऐवज एका ॲरेत कोंबतात. विद्यार्थी फिल्टरला बूलियन देऊन मोकळा होतो, उत्तर एका ओळीत येते आणि पैकीच्या पैकी गुण पडतात. आमचा आक्षेप त्या ओळीवर नाही, प्रश्नावर आहे. कोणती मूल्ये नकोत आणि का, हे प्रश्नात लिहिलेले नसते. ते भाषेने परस्पर ठरवून टाकलेले असते.

गुणपत्रक घ्या. पाच जणांचे गुण: 62, 0, 48, नल, 70. चौथा गैरहजर होता, म्हणून नल. दुसरा परीक्षेला बसला, पेपर दिला आणि त्याला भोपळा मिळाला. वरच्या एका ओळीत दोघेही गळतात आणि सरासरी येते 60. भोपळेवाल्याला धरले तर ती 45 होते. प्रोग्राम कुठे अडखळत नाही, लाल अक्षरे उमटत नाहीत, शिवाय आकडा दिसायलाही बरा. अशी चूक शोधायला कोण बसतो?

भाषा बदलली की निवाडाही बदलतो. रुबीत फक्त निल आणि फॉल्स खोटे, शून्य खरे. पायथॉनमध्ये शून्य खोटे, पण नॅन खरा. म्हणून तिथली तशीच एका ओळीची युक्ती नॅनला हातही लावत नाही. पीएचपीत तर शून्याचा एकच अंक असलेली स्ट्रिंगसुद्धा खोटी ठरते.

नॅनचे प्रकरण वर्गात थोडा वेळ देऊन शिकवावे असे आहे. 1985च्या आयईईई 754 मानकानुसार नॅन स्वतःलाही समान नसतो. त्यामुळे साध्या तुलनेने तो काढायला निघालेल्या मुलाला तो कधीच भेटत नाही. इंडेक्सऑफलाही सापडत नाही. जावास्क्रिप्टच्या 2016च्या आवृत्तीत आलेल्या इन्क्लूड्सला सापडतो. पण खरी मेख रूपांतरात आहे. फॉर्ममधून किंवा सीएसव्ही फाइलमधून येणारे गुण स्ट्रिंग असतात. जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन ‘गैरहजर’चा नॅन करते आणि रिकाम्या रकान्याचे शून्य. आधी रूपांतर आणि मग गाळणी, या क्रमाने गेलात तर न भरलेला रकाना आणि मिळवलेला भोपळा एकरूप होऊन हातात येतात. मग अट कितीही विचारपूर्वक लिहा, ते वेगळे काढता येत नाहीत. रिकामे रकाने रूपांतराच्या आधीच बाजूला व्हायला हवेत. आमच्या पाहण्यातल्या पाठ्यपुस्तकांत या क्रमाबद्दल अवाक्षर नाही.

दुसरी जुनी खोड म्हणजे चालू लूपमध्येच स्प्लाइसने मूल्य उडवणे. रांगेतला एक जण निघाला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, तसेच इथे होते. 5, 0, 0, 8 या ॲरेत इंडेक्स 1वरचे शून्य काढले की दुसरे शून्य त्याच जागी येते, लूप मात्र इंडेक्स 2वर गेलेला असतो. एक शून्य शिल्लक राहते. गंमत अशी की 5, 0, 8, 0 दिले तर हाच प्रोग्राम अचूक चालतो, आणि फळ्यावरची उदाहरणे बहुधा अशी सुटीसुटीच असतात. शेजारीशेजारी दोन नकोशी मूल्ये असलेली एक तरी चाचणी प्रत्येक प्रात्यक्षिकात हवी. शेवटाकडून मागे येणारा लूप हा त्यावर उपाय आहेच, पण नवा ॲरे बांधणे अधिक सरळ. 2009पासून जावास्क्रिप्टच्या मानकात असलेला फिल्टर तेच करतो: मूळ ॲरे शाबूत ठेवतो.

मूळ शाबूत असण्याची किंमत काय, याचे उदाहरण प्रयोगशाळेबाहेर आहे. 1985 साली फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन घटल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले. नासाच्या उपग्रहाने तीच घट टिपली होती, पण संगणकाने ती चूक समजून फेकून दिली, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा रंगतदार आहे, खरी नाही. 180 डॉब्सन एककांखालच्या नोंदींवर संशयास्पद अशी खूण होत होती. नोंदी पुसल्या जात नव्हत्या. म्हणूनच नासाच्या शास्त्रज्ञांना त्या पुन्हा तपासता आल्या आणि उपग्रहाच्या नोंदींतूनही तो खड्डा दाखवता आला.

तेव्हा शिक्षकांना आमची सूचना आहे. ‘नको असलेली मूल्ये काढा’ हा प्रश्न या रूपात विचारणे बंद करा. आकडे कशाचे आहेत ते सांगा, काय गाळायचे आणि कशासाठी हे विद्यार्थ्याला आधी एका मराठी वाक्यात लिहायला लावा आणि मगच कोड मागा. किती मूल्ये गळली हेही प्रोग्रामने छापले पाहिजे. चाचणीच्या ॲरेत शून्य गुणांचा एक परीक्षार्थी आणि लागोपाठचे दोन गैरहजर न चुकता ठेवा. आणि ज्याने फिल्टरला बूलियन देऊन त्या परीक्षार्थ्याला गाळले, त्याचे गुण कापा.