नवे घर बांधता? न्हाणीघर आधी आखा

धानाची मळणी आटोपून हातात चार पैसे आले की आपल्या कटंगी भागात घरांची कामे निघतात. मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरे जाऊन विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मिस्त्री दोरी घेऊन आला म्हणजे पहिली चर्चा दर्शनी छपरीची, दुसरी बैठकीची, तिसरी खिडकीच्या ग्रिलवरील नक्षीची होते. न्हाणीघराचा विषय निघतो तो भिंती छातीपर्यंत आल्यावर. मग जिन्याखाली किंवा फाटकाजवळ जो कोनाडा उरला असेल तो त्याच्या वाट्याला येतो. आमचे मत याच्या उलट आहे. जमिनीवर चुन्याची पहिली रेघ न्हाणीघराची व संडासाची पडावी. बाकीच्या खोल्यांनी उरलेली जागा वाटून घ्यावी.

बैठकीत पाहुणा नाताळला, पास्काला किंवा लग्नाच्या बोलणीला बसतो. न्हाणीघर मात्र घरातील प्रत्येकाला रोज लागते, आणि ज्यांना ते सर्वांत जास्त लागते त्यांना नकाशा काढताना कोणी विचारत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलाने भरून आलेल्या सुनेला अंग धुण्यास आडोसा हवा असतो. वयात आलेल्या मुलीला महिन्याचे चार दिवस दार लावून घेता येईल अशी जागा हवी असते. म्हाताऱ्या आईला रात्री दोनदा उठावे लागते. संडास अंगणाच्या पार टोकाला असला तर भर पावसात, अंधारात, निसरड्या वाटेने तिने जायचे. मण्यार साप रात्रीच फिरतो हे आपणांस सांगावयास नको. म्हणून अनेक म्हाताऱ्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीचे आजार व बद्धकोष्ठ यांना हे आमंत्रणच आहे.

यासाठी आमचा आग्रह असा की न्हाणीघर व संडास घराच्या मागच्या बाजूस, पण घराच्याच छपराखाली असावेत. आतून जाता यावे, आणि सांदवाडीतूनही एक दार असावे, म्हणजे शेतातून आलेल्या माणसाला चिखलाचे पाय घेऊन स्वयंपाकघरातून जावे लागणार नाही. दोन्हींची भिंत एक असावी, दारे वेगळी असावीत. शहरातल्याप्रमाणे दोन्ही एकाच खोलीत करण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे. पण सहा-सात माणसांच्या घरात एकाची आंघोळ चालली की शाळेची मुले बाहेर ताटकळतात. ही हौस शेतकऱ्याच्या घराला परवडणारी नाही.

जागा किती लागते? २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली तेव्हा घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर केले गेले, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात न्हाणीला ५ फूट बाय ४ फूट आणि संडासाला ४ फूट बाय साडेतीन फूट दिले तर एकूण ३४ चौरस फूट, घराचा जेमतेम आठवा हिस्सा. यापेक्षा लहान न्हाणी करू नये. आजारी माणसाला आंघोळ घालताना दुसऱ्याला शेजारी उभे राहता आले पाहिजे.

दार अडीच फुटांचे असावे व बाहेर उघडावे. आत कोणी घसरून दाराशीच पडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. फरशी चकचकीत नको, खरबरीत हवी. उतार दर चार फुटांस एक इंच. बसून उठताना धरावयास भिंतीत अडीच फूट उंचीवर लोखंडी नळी पक्की बसवून घ्यावी. दिव्याचे बटण दाराबाहेर असावे. उंचावर झरोका आणि कपड्यांसाठी खुंट्या या तर सांगावयासही नकोत, पण विसरतात त्याच.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, घरात संडास म्हणजे घर बाटले. काही जण अनुवाद या ग्रंथाचा २३ वा अध्याय दाखवितात. छावणीबाहेर जागा ठेवावी असे तेथे आहे खरे. परंतु त्याच ठिकाणी खड्डा खणून मळ झाकून टाकावा असेही आहे. आजच्या संडासाच्या भांड्याखाली वाकड्या नळीत पाणी साचून राहते, ते हेच झाकण्याचे काम करते. त्यामुळे वास व माशी दोन्ही अडतात.

आता खड्ड्यांविषयी. पुष्कळ ठिकाणी एकच खोल टाकी खणून देतात आणि ती भरली की प्रश्न उभा राहतो: उपसणार कोण? पोटासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाने त्या विषारी वायूत उतरावे, हे ख्रिस्ती घराला शोभत नाही. आणि संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदीही आहे. याला दोन खड्ड्यांची पद्धत हा साधा उपाय आहे. सुमारे एक मीटर रुंद व तितकेच खोल दोन खड्डे, मध्ये एक मीटर अंतर, बाजूच्या विटा सांधे मोकळे ठेवून रचलेल्या. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो. तो भरला की पाणी दुसऱ्यात वळवावे व पहिला दोन वर्षे बंद ठेवावा. मग त्यातून कोरडे, वास नसलेले खत निघते. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. मापुसकरांनी मळाचे खत करण्याच्या या कामासाठी आयुष्य वेचले. धानाच्या बांधीत युरियाची पोती ओतणाऱ्या आपणांस त्याचे मोल कळावयास हवे.

आपल्याकडची कन्हार जमीन पाणी लवकर शोषत नाही. अशा जमिनीत खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा रेती व विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा आणि तोंड जमिनीपेक्षा उंच ठेवावे. विहीर व बोअर निदान १० मीटर दूर असावी; शेजाऱ्याची विहीरही यात मोजावी.

न्हाणीचे पाणी या खड्ड्यांत मुळीच सोडू नये, ते लगेच भरतात. वाटेवरही सोडू नये. हत्तीपायाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो, आणि तो रोग शेजारच्या भंडारा-गोंदिया भागात आहे. हे पाणी नळीने सांदवाडीत न्यावे व केळी, पपई, अळू यांच्या वाफ्यात फिरवावे.

१२,००० रुपयांच्या सरकारी मदतीतून बांधलेल्या, पण आज गोवऱ्या साठविण्यास वापरल्या जाणाऱ्या खोल्या गावोगाव दिसतात. त्यांत कुठे पाण्याची सोय नाही, कुठे माणसाला वळता येत नाही. पाया खणण्यापूर्वी एवढे करावे: आखलेल्या चौकोनात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बादली व पाटासह बसवावे, उठावयास सांगावे, आणि कोपर रेघेबाहेर गेले तर रेघ पुसून पुन्हा आखावी. चुन्याची रेघ पुसण्यास पैसा पडत नाही.