चष्मा आधी, यंत्र नंतर

विमान चालविण्याचा खेळ डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवूनच खेळावयाचा, असा हट्ट घरातील मुलांनी धरला असेल, तर संगणकाचे भाग घेण्यापूर्वी चष्मा निश्चित करावा. २०२३ साली आलेल्या ‘मेटा क्वेस्ट ३’मध्ये प्रत्येक डोळ्यापुढे २०६४ × २२०८ चित्रबिंदू असतात, दोहोंचे मिळून सुमारे ९१ लाख. साध्या फुल एचडी पडद्यावर ते २१ लाखच. शिवाय सेकंदास ९० चित्रे हवी असल्यास एका चित्रास अवघे ११ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र उमटले नाही, तर मान वळते, देखावा मागे रेंगाळतो आणि खेळणाऱ्यास मळमळू लागते. म्हणून पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डास द्यावा. विमानाच्या खेळात प्रोसेसरवरही पुष्कळ भार पडतो. तेथे २०२२ सालच्या ‘रायझेन ७ ५८००एक्स३डी’सारखा ९६ मेगाबाइट कॅशचा प्रोसेसर उपयोगी पडतो. रॅम ३२ गिगाबाइट असावी. रंगीत दिव्यांची पेटी मात्र कशाला? चष्मा लावल्यावर ती दिसणारही नाही! आणि वापरलेला ‘एचपी रिव्हर्ब जी२’ स्वस्तात मिळाला, तरी मोहात पडू नये. त्याला लागणारी व्यवस्थाच विंडोज ११च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीतून काढून टाकण्यात आली आहे.