नाडीचा आकडा वाचायला शिकूया



या खेपेला साताऱ्याच्या एका भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. वय ४६, दोन मुलं, मोठी मुलगी पुण्याला नोकरीला. तिनं दिवाळीत आईला नाडीचे ठोके दाखवणारा, मनगटावर बांधायचा पट्टा आणला. बाई उत्साही. शेजारणींबरोबर पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण चढायला निघाल्या. निम्म्या वाटेत पट्टा थरथरला आणि तांबड्या रंगात आकडा आला, १७२! घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "काढून ठेव ते, उगाच काहीतरी होऊन बसेल." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय चाललो नाही जन्मभर? कुणी मोजली होती आमची नाडी?" तेव्हापासून पट्टा कपाटात आणि चालणंही बंद. "आता मी काय करू?" असं त्या विचारतात.

पत्राच्या अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, एक वाक्य आहे. त्याकडे मी मागाहून येते. आधी पट्ट्याचं पाहू.

नाडी पाहणं आपल्याला नवं नाही. वैद्यबुवा बायकांचा डावा हात आणि पुरुषांचा उजवा हात धरायचे, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. पण चालता-चालता, न थांबता नाडी मोजायची सोय मात्र अलीकडची. फिनलंडमध्ये बर्फावरून स्की करणाऱ्या खेळाडूंना सराव करताना थांबून, हातमोजे काढून नाडी मोजावी लागे, आणि थांबलं की ठोके उतरायला लागतात. म्हणजे मोजलेला आकडा खोटाच. ओउलू विद्यापीठातल्या सेप्पो सैनायाकांगास नावाच्या प्राध्यापकांनी यावर यंत्र करायचं मनावर घेतलं, १९७७ साली पोलर ही कंपनी काढली, आणि १९८२ साली छातीला पट्टा व मनगटावर घड्याळ असं बिनतारी यंत्र बाजारात आणलं. खेळाडूंसाठी निघालेली ती वस्तू आता आपल्या बांगड्यांशेजारी येऊन बसली आहे.

बांगड्यांवरून आठवलं. मनगटावरच्या पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीखालच्या रक्ताच्या भरतीओहोटीवरून ठोके मोजतो. पट्टा सैल असला, बांगड्या त्यावर आपटत असल्या, थंडीत हात गार पडले असले, तर त्याचा हिशेब चुकतो. कधी कधी तर तो नाडीऐवजी आपली पावलंच मोजत बसतो! म्हणून पट्टा बांगड्यांच्या हातात घालू नये. दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडापासून एक बोटभर वर, अंगाबरोबर बसेल असा बांधावा. करकचून नको. छातीचा पट्टा हृदयाच्या विजेच्या खुणा टिपतो, त्यामुळे तो जास्त खरा बोलतो. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचं बोट फिरवायचं आणि ब्राच्या खालच्या पट्टीलगत तो बसवायचा. पण सुरुवातीला त्याची गरज नाही, आणि खरं सांगू का, मनगटाच्या पट्ट्याचीही नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी खट्टू होऊ नये. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दोन बोटं पुरतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट टेकवा. अंगठ्यानं मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. पट्टा वेडावाकडा आकडा दाखवायला लागला तरी आधी हेच करून पाहावं.

आता तो १७२ चा तांबडा आकडा. पट्टा कशावरून ठरवतो की हे जास्त झालं? बहुतेक पट्ट्यांत एक सोपं गणित घालून ठेवलेलं असतं : २२० मधून वय वजा करा, की आपल्या नाडीची कमाल मर्यादा. साताऱ्याच्या बाईंची १७४. हे गणित १९७१ साली फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन अभ्यासकांनी आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून ढोबळ मानानं दिलं. सोपं म्हणून जगभर पसरलं. पुढे २०१० साली शिकागोत डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजार चारशेंवर निरोगी स्त्रियांच्या ट्रेडमिलवरच्या चाचण्या पाहिल्या, तेव्हा बायकांसाठी वेगळं गणित निघालं : वयाला ०.८८ नं गुणा आणि २०६ मधून वजा करा. ४६ ला गुणून येतात साधारण ४०, म्हणजे कमाल १६६. बघा, पुन्हा पुरुषांच्या मापाचंच पोलकं आपल्याला घालत होते!

पण १६६ म्हणजे काही फुटायची रेघ नव्हे. ही सगळी सरासरी. दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकतात. त्यामुळे खड्या चढणीवर क्षणभर १७२ दिसले म्हणून हृदयाला अपाय झालाच, असं मुळीच नाही. मात्र रोजच्या सवयीशिवाय पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा गाठायला जाणं, हे काही मला पटलं नाही. चूल पेटवल्याबरोबर कुणी आच मोठी करून दूध ठेवून निघून जातं का?

तर सुरुवात कशी करायची? पहिला आठवडा काहीच करू नका. फक्त मोजा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, चहाच्या आधी आणि गॅसवाल्याची बेल वाजण्याच्या आधी, नाडी मोजा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. ही विश्रांतीची नाडी. साधारण ६० ते १०० च्या दरम्यान असते. सात दिवसांचे आकडे पाहिलेत की तुमचं तुम्हालाच उमगेल. आदल्या रात्री जागरण झालं की चार ठोके जास्त, ताप येणार असला की जास्त, पाळीच्या आधीच्या आठवड्यातही थोडे जास्त.

मग गणित. हेही एका फिनिश माणसाचं, मार्टी कार्व्होनेन यांचं, १९५७ सालचं. मला ते आवडतं, कारण ते फक्त वय पाहत नाही, तुमची स्वतःची नाडीही पाहतं. समजा वय ४६ आणि पहाटेची नाडी ७६. कमाल १६६ मधून ७६ गेले, उरले ९०. ही आपली शिल्लक. मध्यम व्यायामात या शिलकीतले ४० ते ६० टक्के खर्चायचे. ९० चे ४० टक्के ३६, ते ७६ मध्ये मिळवा, झाले ११२. साठ टक्के ५४, मिळवून १३०. म्हणजे चालताना ११२ च्या वर आणि १३० च्या खाली राहायचं. महिनाखर्चाचा मेळ घालणाऱ्या बायकांना हे काही अवघड नाही. पट्ट्याच्या यादीत तुमची कमाल मर्यादा स्वतः लिहायची सोय बहुतेक वेळा असते. मुलांकडून ती १६६ करून घ्या म्हणजे पट्टा विनाकारण थरथरणार नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून सपाट रस्त्यावर वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग दहा मिनिटं आपल्या हिशेबातल्या आकड्यांत, शेवटची पाच पुन्हा हळू. आकडा वर गेला तर पावलं आवरा, खाली आला तर उचला. फार हळू चालल्यासारखं वाटेल, शेजारीण पुढे निघून जाईल. जाऊ द्या. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तिथवर पोचायला दोन महिने लागले तरी बिघडत नाही. वाटेत सारखं मनगट बघायचा कंटाळा आला तर दुसरी खूण आहे. मैत्रिणीशी जाऊबाईंबद्दल बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप म्हणजे मध्यम व्यायाम. बोलणंही तुटायला लागलं की जास्त झालं.

एप्रिल-मे महिन्यांत त्याच रस्त्यावर, त्याच चालीनं आकडा आठ-दहांनी जास्त दिसेल. उन्हात कातडीकडे रक्त जास्त धावतं, घामानं पाणी कमी होतं. त्या दिवसांत आकडा खरा मानायचा आणि चाल कमी करायची. पाच-सहा आठवड्यांनी गंमत कळते. तोच रस्ता, तेवढाच वेळ, आणि आकडा पहिल्यापेक्षा कमी. मग आठवड्यातून एकदा खुशाल चढावाला जा. दोन मिनिटं चढायचं, आकडा शिलकीच्या साठ टक्क्यांच्या थोडा वर जाऊ द्यायचा, मग थांबून खाली येऊ द्यायचा. थांबल्यावर पहिल्या मिनिटात किती ठोके उतरतात तेही पाहा. बाराहून अधिक उतरायला हवेत. वरचेवर त्याहून कमी उतरत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी, आणि हे नीट वाचा. तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ओलॉल' असेल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, तर ती गोळी नाडी मुद्दाम मंद ठेवते. वरचं गणित तुम्हाला लागू नाही. आकडा चढत नाही म्हणून एक बाई धावायला लागल्या होत्या, तर दुसरीनं परस्पर गोळीच सोडली होती. असं चुकूनसुद्धा करू नका. तुम्ही बोलण्याच्या खुणेवर चाला. आणि चालताना छातीत दडपण, जबड्यात, हातात किंवा पाठीत कळ, गार घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर तिथंच बसा आणि दवाखाना गाठा. आपण बायका अशा वेळी 'पित्त झालं' म्हणून लिंबू-सोडा घेतो आणि स्वयंपाकाला लागतो. तसं करायचं नाही.

आता पत्रातलं ते शेवटचं वाक्य. "हल्ली जिना चढतानाही धाप लागते, पाळीला नऊ-दहा दिवस फार जातं, पण ते वयाचंच असेल."

बाई, तुमच्या आकड्यापेक्षा या वाक्यानं मला जास्त काळजी लागली. कारण हेच वाक्य मी स्वतः दोन वर्षं म्हणत होते. ४८ व्या वर्षी माझ्या पट्ट्यावर सपाट रस्त्यावर, हळू चालताना १४० दिसायचे. मी पट्ट्याला बोल लावला, घट्ट बांधून पाहिला, बोटांनी मोजलं. तेवढेच. पहाटेची नाडी ९२. तरी मी गप्पच, कारण मुलाची बारावी होती, मग सासऱ्यांचं ऑपरेशन, मग लग्नसराई. शेवटी धाकट्या बहिणीनं जवळजवळ ओढतच तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ८.४! बायकांचं १२ च्या खाली असू नये. रक्त पातळ झालं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, मग आकडा चढणारच. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी होती, औषधानं भागलं. चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर, हे मला सर्वांत जड गेलं. चार महिन्यांनी त्याच रस्त्यावर आकडा ११८ होता.

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थायरॉईड वाढलं तरी नाडी अशीच धावते. तेव्हा तुम्ही आधी डॉक्टरीणबाईंकडे जा, पाळीचं न लाजता सांगा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, आणि नाडी अनियमित, उड्या मारत चालल्यासारखी वाटत असेल तर कार्डिओग्रामही. तोवर चढण नको. सपाट रस्त्यावर मात्र धाप लागणार नाही इतपत चाला, डॉक्टरांनी नको म्हटलं नाही तर. यजमानांना हा लेख वाचायला द्या. सासूबाईंना म्हणावं, तुमचीही नाडी मोजते. बसतील हात पुढे करून.

आणखी एक बारीकसं. घामानं पट्ट्याखाली पुरळ येतं, खाज सुटते. आंघोळीच्या वेळी पट्टा काढून साध्या पाण्यानं पुसावा, मनगट कोरडं झाल्याशिवाय पुन्हा घालू नये, आणि भांडी घासताना साबणाचं पाणी आत राहू देऊ नये.

साताऱ्याच्या भगिनींनी रिपोर्ट आल्यावर आकडे जरूर कळवावेत. नाव याही वेळी छापणार नाही.