ध्वनीवरील आरोप आणि ‘अप्लॉज’ची साक्ष

बोलपट आला आणि दृश्यकला पडद्यावरून हद्दपार झाली, अशी फिर्याद मूकपटाचे कैवारी आजही हिरिरीने मांडतात. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनने टिपू नये म्हणून त्याला बंद खोलीत कोंडावे लागले, नटनटींना एका जागी खिळवावे लागले आणि नाटकाचे निर्जीव छायाचित्रण तेवढे उरले, हा त्यांचा दाखला. १९२९ सालच्या पुष्कळ बोलपटांना तो लागू पडतो, हे मी कबूल करतो. परंतु भित्र्या कारागिरांचा दोष ध्वनीच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. आयझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकांच्या ध्वनीविषयीच्या १९२८ च्या निवेदनाचा हवाला देणारेही अर्धेच सांगतात. त्या तिघांनी ध्वनी नाकारला नव्हता, तो चित्राच्या मागे फरफटत न नेता चित्राशी झुंजवावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह प्रत्यक्षात उतरू शकतो, याचा पुरावा त्याच १९२९ मध्ये, न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे पॅरामाउंटच्या स्टुडिओत सिद्ध झाला. आणि तो सिद्ध करणारा रूबेन मामूलियन रंगभूमीवरून आलेला होता, ‘अप्लॉज’ हा त्याचा पहिलाच चित्रपट होता, हे ‘बोलपट म्हणजे नाटक’ म्हणणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. उत्तान नाचगाण्यांच्या खेळांत आयुष्य झिजवलेली किटी डार्लिंग हेलन मॉर्गनने ऐन तारुण्यात, आपल्या सौंदर्याची जराही भीड न ठेवता, थकल्या शरीराने आणि विझत्या डोळ्यांनी उभी केली आहे. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली तिची कन्या एप्रिल घरी येते. तिला निजवायला बसलेल्या किटीला अंगाई ठाऊक नाही, म्हणून ती आपल्या खेळातलेच गाणे हलक्या स्वरात गाते, आणि त्याच वेळी जपमाळ हाती धरलेली मुलगी प्रार्थना पुटपुटत असते. हे दोन आवाज एकत्र घेणे अशक्य, असा तंत्रज्ञांचा निर्वाळा होता. मामूलियनने दोघींसाठी दोन मायक्रोफोन लावविले, दोन्ही ध्वनिमुद्रणे पुढे एकत्र करविली आणि तो अवजड कॅमेरा खोलीसकट चाकांवर हलविला. परस्परांना परकी झालेली दोन जीवने एकाच क्षणी कानांवर पडतात. मुक्या पडद्याला त्यासाठी पाट्या लावाव्या लागल्या असत्या, आणि तरीही ती वेदना एकसमयी पोचली नसती.

कथानक अतिभावुक आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो ध्वनीवरचा आक्षेप नव्हे. मूकपटाच्या कैवाऱ्यांनी हा एक प्रसंग डोळ्यांनी आणि कानांनी लक्षपूर्वक पाहावा, ऐकावा, आणि त्यानंतरही फिर्याद कायम ठेवावीशी वाटली तर ती ध्वनीवर नव्हे, तो वापरणाऱ्यांवर ठेवावी.