मागितलेलं की वाढलेलं?

मुलांनो,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे एक पाहुणे आले होते. माझे भाचेबुवा! पुण्याला वसतिगृहात राहतात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि नुकतीच मिशी फुटली आहे, म्हणून हे अहोजाहो. एरवी तो माझा 'अरे'च आहे.

आजोळी आला की पूर्वी तो अंगणभर धुडगूस घालायचा. यंदा मात्र एका जागी बसून होता. मान खाली, अंगठा वरवर. मी काही बोलले नाही. दिवाळीत कशाला बोलायचं? पण भाऊबीज झाली आणि त्यानेच हळूच सांगितलं, "मावशी, अकाउंटन्सीत एटीकेटी लागलीये."

एटीकेटी म्हणजे काय, ते तुमच्या दादा-ताईला विचारा. विषय सुटलेला नसतो, पण पुढच्या वर्गात बसायला मिळतं. उरलेला पेपर मात्र पुन्हा द्यावा लागतो.

"अरे, मग अभ्यास?" मी विचारलं.

"वेळच मिळत नाही गं!"

"आणि हा फोन?"

"तो काय, दिवसातून तासभर. फार तर दीड तास."

आता मी पडले शिक्षिका. मुलं गृहपाठाला वेळ नाही म्हणाली, की मी त्यांना दिवसभराचं वेळापत्रक लिहायला लावते. तेच औषध भाचेबुवांना दिलं. कोरी वही हातात ठेवली आणि म्हटलं, "उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे बघशील, वाचशील, ऐकशील, ते सगळं इथे लिही. पेपर, टीव्ही, गाणी, फोन, काहीही सोडायचं नाही. किती वाजता, काय आणि किती मिनिटं. खोटं लिहायचं नाही."

"हात्तिच्या! एवढंच?" म्हणत त्याने वही घेतली.

दुसऱ्या दिवशी रात्री वही माझ्यासमोर आली. त्याची परवानगी घेऊन ते पान तुम्हाला दाखवते.

सकाळी ७.१० – गजर बंद करायला फोन घेतला, मग रील्स – ३५ मिनिटं.
८.०० – चहाबरोबर व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप – २० मिनिटं.
८.३० – पेपर, फक्त खेळाचं पान – ५ मिनिटं.
१०.१५ – यूट्यूबवर अकाउंटन्सीचं लेक्चर – १२ मिनिटं. (लेक्चर ४० मिनिटांचं होतं!)
१०.२७ – बाजूला दिसले म्हणून क्रिकेटचे व्हिडिओ – ४५ मिनिटं.
दुपारी १.०० – जेवताना विनोदी कार्यक्रम – ४० मिनिटं.
३.०० – गाणी – ६० मिनिटं.
७.०० – आजीबरोबर टीव्हीवर बातम्या – २० मिनिटं.
रात्री ९.३० – पुन्हा रील्स आणि गेमचे व्हिडिओ – ७५ मिनिटं.

करा बघू बेरीज! आली का ३१२ मिनिटं? म्हणजे ५ तास १२ मिनिटं. 'फार तर दीड तास' म्हणणारे भाचेबुवा आकड्याकडे बघतच राहिले.

पण खरी गंमत पुढेच आहे. मी त्याला विचारलं, "लग्नाच्या पंगतीत बसलास, तर पानात दोन प्रकारचे पदार्थ येतात. एक तू मागितलेले आणि दुसरे वाढप्याने आपणहून वाढलेले. आता या यादीतही तसंच कर. जे तू ठरवून लावलंस, त्यापुढे 'मा' लिही. जे आपोआप समोर आलं, त्यापुढे 'वा'."

लेक्चर, गाणी, पेपर आणि विनोदी कार्यक्रम यांना 'मा' मिळाला. त्यांची बेरीज ११७ मिनिटं. बाकीच्या सगळ्यांना 'वा'. बातम्यांवरून थोडा वाद झाला, पण टीव्ही आजीने लावला होता, म्हणून तिथेही 'वा'च पडला. ही बेरीज १९५ मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास!

मग मी परीक्षा घेतली. "गाणी कोणती ऐकलीस?" त्याने धडाधड नावं सांगितली. "विनोदी कार्यक्रमात काय होतं?" तेही सांगितलं, वर नक्कल करून दाखवली. "आणि सकाळची रील्स?" भाचेबुवा गप्प. एक रील अर्ध्या मिनिटाचं धरलं, तर ३५ मिनिटांत ७० होतात. त्यांतली त्याला दोन आठवली. एक कुत्र्याचं आणि एक कसल्याशा पावभाजीचं!

असं का होतं? यात तो एकटा दोषी नाही, मुलांनो. वाढपी फार हुशार आहे.

'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलं. त्याला शेवटचं पान होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याचेही कार्यक्रम रात्री संपायचे आणि घरातली मंडळी झोपायला जायची. पान संपलं, कार्यक्रम संपला, की माणूस आपोआप उठतो. तेवढ्यात आईने हाक मारली, तर ऐकूही येते!

फोनवरच्या पानाला तळच नसतो. बोट सरकवलं की खालून आणखी येत राहतं. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती एझा रॅस्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने २००६ मध्ये तयार केली. पुढे त्यालाच तिचा पस्तावा झाला आणि त्याने तसं जाहीरपणे सांगितलंही. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. तोवर लोक डेटा जपून जपून वापरायचे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली.

हे सगळं फुकट कसं मिळतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मध्ये मध्ये जाहिराती असतात ना, त्यांचे पैसे कंपनीला मिळतात. आपण जितका जास्त वेळ बघू, तितक्या जास्त जाहिराती. म्हणून आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिलं, काय पुढे सरकवलं, याची नोंद ठेवली जाते. पानातली जिलबी संपलेली दिसली, की वाढपी पुन्हा जिलबीच वाढतो. पण पंगतीतला वाढपी आपण पानावर हात आडवा धरला की थांबतो. फोनला आपला आडवा हात दिसत नाही. तिथे पानावरून आपल्यालाच उठावं लागतं.

एवढं बोलणं होईपर्यंत माझी आई, म्हणजे त्याची आजी, आत आली. जेवणानंतर ती रक्तदाबाची गोळी घेते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाली, "नको. गोळी बंद केलीये मी. चार दिवस झाले. आता काढा घेते."

"कुणी सांगितलं?" मी दचकून विचारलं.

"अगं, ह्यानेच पाठवलं होतं की घरच्या ग्रुपवर! कॉलेजात शिकतोय पोरगा. काही वाचूनच पाठवलं असेल ना?"

भाचेबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला काही आठवतच नव्हतं. फोन उघडून पाहिलं, तर खरंच होतं. पाच दिवसांपूर्वी सकाळी कसल्याशा काढ्याचा मेसेज त्याने पुढे ढकलला होता. सात दिवसांत गोळी कायमची सुटेल, असं त्यात छातीठोकपणे लिहिलेलं. वर दोन बाणांची खूण होती. तो मेसेज बऱ्याच हातांमधून फिरून आला आहे, असा त्या खुणेचा अर्थ. "मी वाचलाच नव्हता गं मावशी," तो कसाबसा म्हणाला. "कुणीतरी पाठवला, चांगला वाटला, दिला पुढे."

वाढलेलं त्याने स्वतः खाल्लंही नव्हतं. तसंच आजीच्या पानात वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आजीला दवाखान्यात घेऊन गेला. रक्तदाब १७० वर १०० भरला. डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू करायला सांगितली. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, त्यातून झटकाही येऊ शकतो, हे त्यांनी दोघांनाही नीट समजावलं. आता आजी बरी आहे. पण त्या दिवशी भाचेबुवांनी दुपारचं जेवण टाकलं, ते टाकलंच.

मुलांनो, न वाचता पुढे पाठवलेल्या मेसेजने याहून फार मोठा अनर्थ झाला आहे. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे खोटे मेसेज गावोगाव फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून मारून टाकलं. त्या पाचही जणांचा काही दोष नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण कंपनीने कितीही कुंपण घातलं, तरी शेवटचं बोट आपलंच असतं.

परत निघताना भाच्याने आजीच्या पाया पडून तिला सांगितलं, "आजी, मी पाठवलं म्हणून काही खरं मानू नकोस. आधी मला फोन कर."

आजी म्हणाली, "त्यापेक्षा तूच आधी वाचत जा की रे सोन्या!"

पुण्याला गेल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. बाजारातून गजराचं घड्याळ आणलं, त्यामुळे सकाळी डोळे उघडताच फोन हातात येत नाही. आणि लेक्चर बघताना फोन खोलीतल्या मित्राच्या टेबलावर ठेवून तो कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर बघायला लागला. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, ४० मिनिटांचं लेक्चर पूर्ण पाहिलं. पण रात्रीची रील्स काही सुटत नाहीत गं." मला त्याचं हे खरं बोलणं आवडलं. पेपर अजून व्हायचाय. निकाल लागला की तुम्हाला कळवीनच.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, दुसऱ्याला वही लिहायला लावलीत, आणि तुम्ही?" मीही लिहिली! २ तास ४० मिनिटं भरली. त्यांतली ९५ मिनिटं 'वा'ची. बाकीचा हिशेब विचारू नका. माझ्याकडे तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तसाच पडला होता, एवढं सांगते.

एक गणित देते. भाचेबुवांची 'वा'ची १९५ मिनिटं रोज अशीच गेली, तर वर्षाची किती होतील? १९५ गुणिले ३६५. त्याचे तास करा आणि मग दिवस करा. उत्तर सुमारे ४९ दिवस येईल. तेही रात्र धरून! तुमची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी जवळजवळ एवढीच असते. आता ही सुट्टी कुणी तुम्हाला न विचारता काढून घेतली, तर चालेल का?

येत्या रविवारी तुम्हीही एक पान लिहा. वेळ, काय पाहिलं, किती मिनिटं आणि 'मा' की 'वा', असे चार रकाने आखा. किती वेळ गेला, हे फोनच्या सेटिंगमध्येही दिसतं. पण तो वेळ कुणी ठरवला, हे तिथे दिसत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं. रात्री झोपण्याआधी 'वा'मधलं काय काय आठवतं, तेही बघा. आठवलं तेवढं तुमचं. बाकीचं गेलं वाऱ्यावर.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक वही आणा. मुलांची वही तपासायची, तर आपली आधी दाखवावी लागेल. रागावू मात्र नका. आकडे पुरेसं बोलतात.

तुमची पानं मला नक्की पाठवा. बेरीज चुकली तरी चालेल, पण खोटं लिहू नका बरं का!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई