पाचोळा म्हणजे कचरा नव्हे

सह्याद्रीत देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पुष्कळदा देवराईचीही साफसफाई होते. झुडपे तोडली जातात, वेली उतरवल्या जातात, पाचोळा झाडून पेटवला जातो. झुडपे मोठ्या झाडांचे अन्न खातात, पाचोळा निरुपयोगी असतो आणि त्यामुळे वणवा लागतो, अशा तीन समजुती त्यामागे असतात.

पहिली समजूत चुकीची आहे. ज्यांना झुडपे म्हणून तोडले जाते, त्यांतली कितीतरी अंजनी, जांभूळ, पिसा यांची रोपेच असतात. दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच ऊन पोहोचते. त्या सावलीत गुडघाभर रोप वर्षानुवर्षे तग धरून राहते आणि एखादा जुना वृक्ष उन्मळून वर आभाळ मोकळे झाले, की झपाट्याने वाढते. कोयता चालला की वृक्ष उभे राहतात, पण त्यांची जागा घेणारे कोणी उरत नाही.

दुसरी समजूत पाचोळा हाताने बाजूला केला तरी गळून पडते. वरची पाने कोरडी, त्याखालची काळपट, जाळीदार. त्यांत बुरशीचे पांढरे तंतू आणि झाडांची केसासारखी मुळे गुंतलेली. सर्वांत खाली पानांची मातीच झालेली असते. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्यावरच्या निकस मातीतले क्षार वाहून जातात. तिथे झाडे जगतात ती कुजणाऱ्या पानांतून परत मिळणाऱ्या अन्नावर. सदाहरित वृक्षांच्या कित्येक बिया सुकल्या की मरतात. त्यांना लागणारी ओलही पाचोळाच राखतो.

वणव्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. सागाच्या पानझडी रानात उन्हाळ्यात वाळलेला पाचोळा पेट घेतो, म्हणून तिथे जाळरेषा काढतात. देवराईतला पाचोळा मात्र सावलीमुळे ओलसर राहतो. वेली-झुडपे काढली की ऊन-वारा आत शिरतो आणि तोच पाचोळा सुकतो. घाणेरी, रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपे जरूर काढावीत, पण ओळखून आणि मुळासकट.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यांच्या नोंदींनुसार अनेक देवरायांत वाळलेली काडीही उचलायची नाही, असा दंडक होता. त्याने झाडांबरोबर जमिनीलाही अभय मिळाले. झाडलोट देवळाच्या अंगणापुरती ठेवावी. त्यापलीकडे पडलेले पान पडू द्यावे, उगवलेले रोप वाढू द्यावे. देवराई राखणे ते हेच.